सहा महिन्यांचं खोटं

"ए बाई, रोप लावतेस का वाऱ्यावर उधळतेस? चार बोटं अंतर सांगितलं, तर तू वीत-वीत सोडतेस! मालक आला की तुला नाही, मला बोलणार!"

थोरली ओरडली की वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या माना खाली जायच्या. बारा बायांची टोळी होती आणि थोरली त्यांची मुकादमीण. कांद्याची लागण निघाली की शिवारात आधी तिलाच बोलावणं यायचं, कारण तिच्या हातचं रोप मरत नाही असा तिचा लौकिक. डाव्या हातात रोपाची जुडी धरायची, उजव्या अंगठ्यानं मूळ चिखलात दाबायचं, की पुढचं. असं उकिडवं बसून, मागं मागं सरकत, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. पाटाचं पाणी असलं गार की दुपारपर्यंत बोटं आपली आहेत का दुसऱ्या कुणाची, तेच कळायचं नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटी बांधावरून येताना दिसली. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. दोघींच्या घरांची मधली भिंत एक, अंगण एक, पाण्याचा नळही एकच. धाकटी चार इयत्ता जास्त शिकलेली, म्हणून गावच्या दवाखान्यात मदतनीस लागली होती. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. नर्सबाई मोठ्या गावाहून पंधरा दिवसांतून एकदा यायची, बाकी दिवस किल्ली धाकटीच्या कमरेला. पोरांना डोस पाजायचे, गरोदर बायांची चौकशी करायची, ताप आला तर गोळी द्यायची. सारं गाव तिला ताई म्हणायचं. एक थोरली तेवढी 'धाकटे' म्हणायची.

धाकटीच्या पिशवीत वीस डब्या होत्या. तिनं एक उघडली आणि आतली वस्तू तळहातावर ठेवली. मऊ, पांढुरकी, उलट्या घंटीसारखी, खाली बारीकसा देठ.

"हे काय गं? बाळाच्या बाटलीचं बूच?" घारी म्हणाली. घाऱ्या डोळ्यांची, टोळीतली सगळ्यांत तोंडाळ बाई.

"पाळीच्या दिवसांत वापरायचं असतं," धाकटी म्हणाली. सांगताना तिनं इकडंतिकडं बघून घेतलं. बाप्यामाणूस कुणी नव्हतं, लांब मोटरीपाशी एकटा बैल उभा होता. "घडी करून आत ठेवायचं. सगळं ह्यात साठतं. सकाळी ठेवलं की संध्याकाळी काढायचं, ओतून द्यायचं, धुवायचं, परत ठेवायचं. फडकं नको, वाळत घालायला कोपरा शोधायला नको. एकदा घेतलं की वर्षानुवर्षं टिकतं."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. कुणी पदर तोंडाला लावला. एकीनं ती वस्तू चिमटीत धरून बघितली आणि चटका बसल्यासारखी परत टाकली.

"आत म्हणजे आत?"

"आत म्हणजे आत."

"आणि आतच हरवलं तर?"

"हरवायला काय ती गावची वेस आहे का?" थोरली म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

घारी मात्र हसली नाही. तिनं धाकटीकडं रोखून बघितलं. "ताई, सांगायला सगळेच सांगतात. तू वापरतेस का?"

आता इथं खरं काय ते सांगायला हवं. नर्सबाईनं डब्या देताना बजावलं होतं, "आधी स्वतः तीन महिने वापरा, मग बोला. बायका पुस्तकातलं ऐकत नाहीत, अंगावरचं ऐकतात." धाकटीनं एकदा प्रयत्न केला होता. मोरीत बसून, दाराला आतून बादली लावून. अंग असं आवळलं गेलं, असं दुखलं, की तिनं ती वस्तू धुतली, डबीत घातली आणि डबी पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या तळाशी सारली. नर्सबाईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, जमतंय. एकदा जमतंय म्हटलं की परत फिरायचं कसं?

"तर!" धाकटी म्हणाली. "सहा महिने झाले. मला तर कळतसुद्धा नाही आत काही आहे म्हणून."

सहा महिने कुठून आले तिच्या तोंडात, तिचं तिलाच ठाऊक नाही. पण ते इतक्या सहज आले की घारीसुद्धा गप्प झाली.

"दे इकडं," थोरलीनं हात पुढं केला. "हिनं वापरलं ना? मग झालं."

तिला गरज होतीच. मुकादमीण बाई महिन्याचे चार दिवस घरी बसली तर टोळी कोण हाकणार? शिवार सगळं उघडं, आडोशाला झुडूप नाही. सकाळी बांधलेली घडी संध्याकाळी घरी येऊन सोडायची. ओल्या फडक्यानं मांड्या सोलवटून निघायच्या. वर चिखल, खाली चिखल. चालताना ती पाय फाकवून चालायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघा धरलाय. धाकटीला हे सगळं माहीत होतं. म्हणून तर थोरलीनं डबी घेतली तेव्हा तिला बरं वाटलं. खोटं बोलले, पण चांगल्यासाठी बोलले, असं तिनं मनाशी म्हटलं.

थोरलीच्या मागून आणखी सात जणींनी डब्या नेल्या.

पंधरवड्यानं थोरली सकाळीच अंगणात आली. चेहरा लहान पोरीसारखा फुललेला.

"धाकटे, गेलं बाई आत! नखं काढली तू सांगितल्यासारखी, पाण्यात उकळून घेतलं, बसले मोरीत, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा गेलं. काही कळत नाही बघ. खरंच कळत नाही!"

"मी म्हटलं नव्हतं?" धाकटी म्हणाली.

त्या दिवशी थोरलीनं दीड वाफा एकटीनं लावला. संध्याकाळी घरी येताना ताठ चालत आली. अंगणात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "आज गुडघा दुखत नाही." धाकटीनं ते चुलीपाशी ऐकलं. तिची छाती अभिमानानं भरून आली आणि त्याच छातीत कुठंतरी बारीकसं काही टोचलंही. पण तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तसं थोरली परत आली. या वेळी चेहरा उतरलेला.

"निघत नाही गं."

"काय निघत नाही?"

"तेच. काल संध्याकाळपासून बघतेय. बोटाला लागतं, पण सुटत नाही. तू कसं काढतेस?"

नर्सबाईनं शिकवलं होतं. मूठ वळून, त्या मुठीत ती वस्तू अडकवून, काढून दाखवली होती. पण नेमकं तेव्हाच मोठ्या गावच्या दवाखान्यातला शिपाई दारातनं डोकावतो की काय म्हणून धाकटी दाराकडं बघत बसली होती. पानावर छापून दिलं होतं, तेही घडी घालून पेटीत. काढण्याबद्दल तिनं वाचलंच नव्हतं. जे कधी आत गेलं नाही, ते काढायचं कशाला वाचा?

खरं बोलायची ती वेळ होती. 'अक्का, मला माहीत नाही, चला, नर्सबाईकडं जाऊ,' एवढंच म्हणायचं होतं. मोठं गाव सात मैल. पण नर्सबाईकडं गेलं की पहिला प्रश्न हाच आला असता, ताई, तुम्ही स्वतः वापरता ना, मग सांगता आलं नाही?

"देठ धरायचा आणि ओढायचा," धाकटी म्हणाली. "मी तसंच काढते."

"ओढला. जीव जातोय ओढताना. आतडंच बाहेर येईल असं वाटतं."

"पहिल्यांदा होतं तसं. अंग आवळून धरता तुम्ही, अक्का. दम धरा. आपोआप खाली सरकेल. उद्यापर्यंत निघेल."

"उद्यापर्यंत?"

"उद्यापर्यंत."

थोरलीनं मान हलवली. तिचा विश्वास बसला. हेच धाकटीला पुढं कितीतरी दिवस खात राहिलं, की तिनं शंकासुद्धा घेतली नाही. 'बरं' म्हणाली, डोक्याला फडकं बांधलं आणि लागणीला गेली.

त्या दिवशी धाकटीनं घरात जाऊन पेटी उघडली, साड्यांखालचं ते पान काढलं आणि काढण्याचा भाग वाचला. अक्षर बारीक होतं. नुसता देठ ओढू नये, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. बारा तासांच्या वर आत ठेवू नये, असं दुसऱ्या ओळीत. पुढचं तिला धड वाचवलं नाही. ती उठून दारापर्यंत गेली. आता शेतात जावं, सांगावं. पण तिथं बारा बाया. बाराजणींसमोर थोरलीला बाजूला घेऊन काय सांगणार? संध्याकाळी सांगू, असं ठरवून ती परत आत आली. संध्याकाळी थोरली आली ती थेट घरात गेली आणि दार लावून घेतलं. धाकटीनं दोनदा कडी वाजवली. आतून आवाज आला, "पडलेय जरा. निघेल उद्या, तू म्हणालीस ना."

धाकटी तशीच दारात उभी राहिली आणि तशीच परत फिरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी घारी धावत दवाखान्यात आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. "ताई, चल लवकर! मुकादमीण वाफ्यात आडवी झाली. अंगाची भट्टी झालीय नुसती!"

थोरली बांधावर पडली होती. रोपाची जुडी अजून मुठीत घट्ट. डोळे लाल, ओठ पांढरे, थंडीनं दात वाजत होते. मालकाचा ट्रॅक्टर होता म्हणून बरं. ट्रॉलीत पोती अंथरली, तिला निजवलं, धाकटी उशाशी बसली. सात मैल खडबडीत रस्ता. प्रत्येक धक्क्याला थोरली कण्हायची आणि प्रत्येक कण्हण्याला धाकटी डोळे मिटायची. वाटेत एकदा तिनं तोंड उघडलं. "अक्का, मी..." पण ट्रॅक्टरचा आवाज एवढा होता की थोरलीला ऐकू गेलं नाही. खरं सांगायचं तर ऐकू जाणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच तिनं तोंड उघडलं.

मोठ्या गावच्या दवाखान्यात नर्सबाई होती. तिनं थोरलीला आत नेलं, पडदा ओढला. धाकटी पडद्याबाहेर उभी. आतून आवाज येत होता.

"सैल सोडा अंग. खोल श्वास घ्या. देठ नाही ओढायचा, बाई. बुडाला दोन बोटांनी चिमटा घ्यायचा. आत जरा हवा गेली की आपणहून सुटतं. बघा... हं. झालं."

झालं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. जे तीन दिवस निघालं नव्हतं ते दोन बोटांच्या चिमट्यानं निघालं.

नर्सबाई बाहेर आली नाही, पडद्याआडूनच बोलत राहिली. आवाज चढलेला होता. "जंतू धरलेत. सुई देते, गोळ्या देते, आठ-दहा दिवस पाण्यात पाय घालायचा नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर जिवावर बेतलं असतं. कुणी सांगितलं तुम्हाला देठ ओढायला? कुणी सांगितलं तीन दिवस ठेवायला?"



"कुणी नाही," थोरलीचा खोल गेलेला आवाज आला. "ताईनं सगळं नीट सांगितलं होतं. माझ्याच ध्यानात राहिलं नाही. अडाणी बाई मी."

पडदा पातळ होता. पलीकडं थोरली, अलीकडं धाकटी. एक पाऊल पुढं टाकून पडदा बाजूला करायचा होता. धाकटी तिथंच उभी राहिली.

परत येताना थोरलीचा ताप थोडा उतरला होता. पोत्यावर पडल्या पडल्या ती आभाळाकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुला बरं जमतं गं सहा महिने. माझंच अंग वाकडं. बाळंतपणात काहीतरी बिघडलं असेल. कुणाला सांगू नको हां. ह्यांनाही नको."

"नाही सांगत," धाकटी म्हणाली.

दहा दिवस थोरली घरात राहिली. लागण थांबत नसते. रोप तयार असलं की ते जमिनीत जायलाच हवं. मालकानं घारीला मुकादमीण केलं. घारीनं टोळी नेली, चार वाफे लावले, मालकाला काम पसंत पडलं. थोरली उठून शेतात गेली तेव्हा मालक म्हणाला, "आता हंगामभर हीच राहू दे. तू पण ये, शेवटची सरी धर." बारा वर्षं पुढं बसलेली बाई, शेवटच्या सरीला जाऊन बसली.

त्या दहा दिवसांतच ताप कशानं आला ते टोळीत कळलं होतं. बायांनी आपापल्या डब्या एका टोपलीत गोळा केल्या आणि एका सकाळी अंगणात आणून ओतल्या.

"ठेव तुझी ही घंटा तुझ्यापाशी!" घारी म्हणाली. "धडधाकट बाईला मरणाच्या दारात नेऊन सोडलंस!"

धाकटी पायरीवर उभी. हातात केरसुणी. बोलायला तोंड उघडणार, तोच थोरली भिंतीला धरत धरत बाहेर आली.

"तिला का बोलता? ती वापरते ना सहा महिने? तिला झालं काही? दोष वस्तूचा नाही, दोष माझ्या अंगाचा. काय बोलायचं ते मला बोला."

बायांनी माना खाली घातल्या. थोरली एकेक डबी वेचून, पदरानं पुसून, टोपलीत भरत होती. धाकटीच्या वतीनं. धाकटीला वाटलं, हिनं माझ्या चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिला घास गोड लागेना. नवरा म्हणाला, "काय झालंय तुला? भाकरी चावतेस का मोजतेस?" ती म्हणाली, दाढ दुखते. बघा, आता खोटं बोलायला तिला काही जोरसुद्धा लावावा लागत नव्हता.

पुढच्या महिन्यात तिची पाळी आली. त्या सकाळी तिनं पेटी उघडली, डबी काढली. चहाचं जुनं पातेलं वेगळं काढून त्यात पाणी उकळलं, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, ते पान समोर विटेखाली ठेवलं आणि मोरीत बसली. पहिल्यांदा घडी सुटली आणि ती वस्तू टुणकन उडून बादलीवर आपटली. परत धुतली. दुसऱ्यांदा निम्मी गेली आणि दुखलं. तिसऱ्यांदा हात घसरला. ती घामाघूम झाली, रडली, स्वतःला शिव्या दिल्या. मग नर्सबाईचं बोलणं आठवून लांब श्वास सोडला, अंग ढिलं केलं. गेली. दुपारी एका बाजूनं गळलं, परकर खराब झाला. नीट उघडलीच नव्हती.

आणि संध्याकाळी काढायला बसली, तर निघेना.

जिवाचं पाणी पाणी झालं. माहीत होतं तिला कसं काढायचं ते. तोंडपाठ होतं. तरी बोटं चालेनात. ह्याच भीतीत थोरलीनं तीन दिवस काढले होते. चिखलात बसून, कुणाला न सांगता. आणि सांगितलं ते एका बाईला, जी म्हणाली, दम धरा.

मग तिनं बुडाशी चिमटा घेतला. जरासं सुटलं. हलकेच, इकडून तिकडं करत, निघालं.

ती तशीच ओल्या फरशीवर बसून राहिली. बाहेर नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहत होती, नवरा हाका मारत होता. ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थोरलीच्या दारात गेली. थोरली ओट्यावर बसून रोपाच्या जुड्या निवडत होती. पिवळी पात वेगळी, चांगली वेगळी.

"अक्का, तुमचं अंग वाकडं नाही."

"म्हणजे?"

"मी कधी वापरलंच नव्हतं. काल पहिल्यांदा वापरलं. सहा महिने म्हणाले ते खोटं. देठ ओढा म्हणाले, तेही ठाऊक नव्हतं म्हणून म्हणाले. त्याच दिवशी पान वाचलं, तेव्हा कळलं. तरी आले नाही सांगायला."

थोरलीचे हात थांबले नाहीत. दोन जुड्या निवडून झाल्या. मग तिनं विचारलं, "त्याच दिवशी कळलं?"

"हो."

"आणि नर्सबाई मला विचारत होती, तेव्हा तू पडद्याबाहेर होतीस."

"होते."

"मी तुझ्यासाठी खोटं बोलले ते ऐकलंस."

"ऐकलं."

थोरलीनं हातातली जुडी खाली ठेवली. "ताप येतो, जातो. मुकादमकी गेली, जाऊ दे. पण धाकटे, दीड महिना मला माझ्याच अंगाची शिसारी येत होती. नवऱ्याजवळ जायला भ्यायले. वाटलं, आपल्यात काहीतरी सडकं आहे, म्हणून साध्या बाईला जमतं ते आपल्याला जमत नाही. आणि तू पलीकडच्या खोलीत बसून हे बघत होतीस."

धाकटीनं खाली सांडलेली पिवळी पात गोळा करायला घेतली.

"जा आता. मला तुझं तोंड बघवत नाही."

त्या दिवसापासून थोरलीनं बोलणं टाकलं. अंगण एक, नळ एक, पण शब्द नाही. धाकटीनं एकदा तिचा हंडा भरून दारात ठेवला. थोरलीनं तो उचलला, अंगणात उपडा केला आणि रिकामा हंडा घेऊन परत नळावर रांगेत उभी राहिली. धाकटीनं पुन्हा तसलं काही केलं नाही.

नर्सबाई आली तेव्हा धाकटीनं तिला सगळं सांगितलं. नर्सबाईनं टोपलीतल्या डब्या मोजल्या. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना सांगा. तोवर ही किल्ली माझ्याकडं राहू दे." आणि तिनं हात पुढं केला. धाकटीनं कमरेची किल्ली सोडून दिली. कंबर हलकी झाली, मन काही झालं नाही.

शेवटच्या वाफ्यांची लागण चालली होती त्या दिवशी ती बांधावर गेली. थंड वारा सुटलेला, पातीची टोकं नुसती थरथरत होती. बाया जेवायला बसल्या होत्या. थोरली लांब, शेवटच्या सरीला, सगळ्यांकडं पाठ करून बसलेली. धाकटीनं उभ्या उभ्या सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. स्वतःला कुठं सोडवून घेतलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. एकजण म्हणाली, लाज नाही वाटली? दुसरी म्हणाली, सख्ख्या जावेला? तिसरीनं घास खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. घारी उठून कमरेवर हात ठेवून समोर आली.

"आणि आता वापरतेस म्हणतेस, ते तरी खरं कशावरून? तेव्हाही अशीच छातीठोक बोलली होतीस."

धाकटी खरं बोलत होती, पण आता तिच्या खऱ्याला कोण विचारणार?

"कशावरूनच नाही," ती म्हणाली. "विश्वास ठेवू नका. मला एवढंच सांगायचंय की कळत नाही, दुखत नाही, सोपं आहे, हे मी म्हटलं ते खोटं होतं. पहिल्यांदा माझ्या हातनं ती उडून बादलीला लागली. गळलं, परकर बरबटला. काढताना हात थरथरले. आणि चिमटा घेऊन जरा तिरकी केली तशी फुस्स आवाज आला, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला."

एकदोघी नको नको म्हणत हसल्या. घारी हसली नाही. "गोष्टी काय, कुणीही रचेल."

"रचलेली नाही."

हा आवाज शेवटच्या सरीकडून आला होता. थोरलीनं मान वळवली नव्हती. हातातला तुकडा संपवून, हात पाण्यात बुचकळून ती म्हणाली, "फुस्स आवाज येतो. तिरकी केल्याशिवाय येत नाही. ज्यानं केलं नाही त्याला हे सांगता यायचं नाही."

"तुला गं काय ठाऊक?"

"काल काढली ना मी." सगळ्या तिच्याकडं बघत राहिल्या. "डोळे फाडू नका. नर्सबाईनं दाखवलं होतं, तसं केलं. मागच्या महिन्यापासून वापरतेय. हिच्या सांगण्यावरून नाही. मला चिखलात बसायचंय, म्हणून."

मग टोळीतली सगळ्यांत लाजरी, जी कधी मान वर करून बोलायची नाही, ती सरकत सरकत थोरलीजवळ गेली आणि कानात काहीतरी विचारलं. थोरलीनं मूठ वळली, दोन बोटं आत घातली आणि दाखवलं. आणखी दोघी उठल्या. घारीसुद्धा लांबून मान लांब करून बघायला लागली. धाकटीला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

ती एका बाजूला उभी होती. मग तिनं साडी वर खोचली, रोपाची एक जुडी उचलली आणि रिकाम्या सरीत खाली बसली. संध्याकाळपर्यंत तिनं रोप लावलं. तिच्या सरीतली निम्मी रोपं आडवी पडली, ती थोरलीनं येता-जाता अंगठ्यानं दाबून उभी केली, तिच्याकडं न बघता.

घरी जाताना थोरली पुढं, धाकटी वीसेक पावलं मागं. पाटाशी थोरली पाय धुवायला थांबली. धाकटीही तिथंच थांबली, जवळ जायचं धाडस झालं नाही.

"उकळायला वेगळं पातेलं घेतलंस का?" थोरलीनं विचारलं. तोंड पाण्याकडं.

"घेतलंय."

"पाणी किती घालतेस?"

"निम्मं."

"निम्मं नको. काठोकाठ भर. खाली बुडाला टेकली की चिकटते आणि जळते. माझी जळता जळता वाचली."

"बरं," धाकटी म्हणाली.

थोरलीनं पाय झटकले, चपला हातात घेतल्या आणि चालायला लागली. 'धाकटे' म्हणाली नाही. मागं वळून बघितलं नाही. धाकटी पाटात उतरली, त्या गार पाण्यात पाय बधिर होईपर्यंत उभी राहिली, आणि मग थोरली पुढं दिसेनाशी व्हायच्या आत तिच्या मागनं निघाली.